देवळालीचा ताप

डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. गोऱ्या सोल्जरांच्या तोंडी तिचे असे रूप झाले. पुण्यात २००९ साली याच नावाची बिअर निघाली. एका हॉटेलातच भांडी बसवून ती तिथल्या तिथे तयार करीत आणि बारमध्ये ताजी देत.

मी तिथे गेलो तो शब्दाच्या मागावर. दिवस एप्रिलचे होते, म्हणून वेटरने उन्हाळ्याला हलकी अशी गव्हाची बिअर सुचवली. ती दिसायला गढूळ, कारण गाळून नितळ केलेली नसते. पहिल्या घोटाला पिकल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंगेचा. केळे किंवा लवंग मात्र त्यात घालत नाहीत. ती सारी यीस्टची करामत. कडूपणा बेताचा. उन्हातून आलेल्या माणसाला बरी वाटावी अशी. नावाचा अर्थ विचारला तेव्हा वेटर म्हणाला, “सर, इंग्लिश आहे. क्रेझी.”

उत्तर चूक नव्हते, पण त्यात देवळाली कुठेच नव्हती.

देवळालीला लष्कराची छावणी पडली १८६१ साली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत. ही जहाजे मुंबईहून साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात भरली, त्याचा उन्हाळा आणि पावसाळा छावणीतच जायचा. कवायत नाही, काम नाही. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत हे सांगितले आहे. चांगल्या वागणुकीची माणसे तिथे बिघडत. कोणी तुरुंगात जाई, कोणी गुप्तरोगाने इस्पितळात. विचित्र वागणाऱ्याला मग ‘डूलाली टॅप’ झाला असे म्हणत.

यातला ‘टॅप’ बिअरच्या नळाचा नव्हे. पुढे या बिअरच्या दुकानांवर ‘डूलाली टॅपरूम’ अशी पाटी आली, तेव्हा दोन वेगळे शब्द योगायोगाने शेजारी बसले. शिपायांचा ‘टॅप’ म्हणजे ताप. तो त्यांनी छावणीतल्या हिंदुस्थानीतून उचलला. आपला ताप त्याचाच सख्खा. मराठीत मात्र ताप थर्मामीटरपुरता नसतो. मोल्सवर्थच्या कोशातही ताप म्हणजे उष्णता, ज्वर आणि क्लेशसुद्धा. ‘डोक्याला ताप’ म्हणताना आपण कोणाचे अंग गरम आहे असे सांगत नसतो.

माझा मुद्दा इथेच आहे. हा शब्द ऐकला की हिंदुस्थानच्या उन्हाने गोऱ्यांची डोकी फिरली, असा समज सहज होतो. बीबीसीवर १९७४पासून चाललेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ या विनोदी मालिकेतही सुरुवातीला देवळालीचीच छावणी होती, आणि नावातच उकाडा. पण मुंबईचा माणूस देवळालीला जातो तो हवापालटासाठी. तिथली सॅनिटोरियम प्रसिद्ध आहेत. आजारातून उठलेली माणसे महिना महिना राहून सुधारून परत येतात. त्याच हवेत शिपाई वेडे का व्हावेत?

कारण त्यांचा आजार हवेचा नव्हता, वाट पाहण्याचा होता. जहाजांचे वेळापत्रक आखणारे वेगळे, ते भोगणारे वेगळे. सरकारने माणसे रिकामी बसवून ठेवली आणि दोष गावाच्या नावावर चढला. त्या शिपायांतल्या बहुतेकांची नावेही आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचे हाल विनोदात जमा झाले आणि हवापालटाच्या गावाचे नाव परभाषेत वेडाला मिळाले.

देवळालीकरांना हे सांगितले की ते हसतात. मात्र हा ताप त्या मातीतला नव्हता, एवढी नोंद मराठीत तरी असावी.