तळटीप: ‘सीएसआर’

१. ‘सीएसआर’ : कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व. मूळ लेखात हा शब्द देणगीच्या अर्थाने आला आहे. कायद्यात तो तसा नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे असतात. जबाबदारी थेट संचालक मंडळाची. खर्च का झाला नाही, हे मंडळाला वार्षिक अहवालात लिहून द्यावे लागते. म्हणूनच हा विषय दानधर्मापेक्षा कंपनीच्या कारभाराचा अधिक आहे.

कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते. इथेच गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारखे ऊसतोड मजुरांचे गाव मागे पडते. बीड जिल्ह्यातून नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घेते आणि हंगामात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडते. नफा तिकडे होतो, परिसरही तिकडचाच ठरतो. त्यातून सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे. त्याला कलम १३५ लागूच होत नाही. खासगी कारखान्याला मर्यादा गाठल्यास लागते. माझ्या मते, ज्या गावातून कोयता येतो तेही कारखान्याच्या परिसरातच मोजायला हवे, आणि हा प्रश्न संचालकांच्या बैठकीत विचारला गेला पाहिजे. — संपा.