दवाखान्याची भाषा, पाड्याची बोली

सुरगाण्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा 1948 साली विलीन झालेल्या छोट्या संस्थानापाशी, फार तर डांगच्या सीमेपाशी थांबतो. सरकारी दवाखाना इतिहासाचा विषय आहे, असे आपल्याला सहसा वाटत नाही. वस्तुतः कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशा समाजांच्या या तालुक्यात राज्यसंस्थेशी माणसाची सर्वांत जवळून गाठ पडते ती तपासणीच्या टेबलापाशी. तिथे भाषा दवाखान्याची चालते. इथल्या कोकणा समाजाची बोली गोव्याच्या कोकणीहून वेगळी. शहरातून आलेल्या डॉक्टरच्या कानाला ती परकीच असते.

डॉक्टर उद्धट म्हणून रुग्ण दुरावतो, हे स्पष्टीकरण सोपे, म्हणूनच अपुरे आहे. बंधपत्रापुरता आलेला तरुण वैद्यकीय अधिकारी काय शिकतो? रकाने भरणे. किती तपासले, किती बाळंतपणे झाली, याचा हिशेब वर जातो. रुग्णाला काय उमगले, याला रकाना नसतो. बोली कानावर रुळते न रुळते तोच मुदत संपते. अशा ठिकाणी सहृदयता उरते ती केवळ व्यक्तिगत सद्गुण म्हणून, आणि त्या व्यक्तीबरोबरच ती निघून जाते.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचे. अभय आणि राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. लोक रुग्णालयात का येत नाहीत, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तरे मार्मिक होती: मोठ्या इमारतीचे भय वाटते, नातलगांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-परिचारिकांचे पांढरे कपडे कफनाची आठवण देतात. शोधग्राममधील रुग्णालय मग आदिवासी खेड्याच्या धर्तीवर, झोपड्यांच्या रूपात उभे राहिले. नातलगांना जागा मिळाली, नाव दंतेश्वरी देवीचे दिले गेले. डॉक्टरला उपदेश करण्याआधी संस्थेने स्वतःची घडी बदलली, हे यातले महत्त्वाचे.

शासनानेही पाड्याकडे जाणारा पूल बांधला. 1995च्या नवसंजीवन योजनेत दाईंच्या बैठका आल्या. 2005च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. पाड्याची बोली जाणणारी, गरोदर बाईला धीर देऊन दवाखान्यापर्यंत आणणारी ही स्त्री प्रत्यक्षात दुभाषी आहे. परंतु ती मानधनावर काम करते आणि दवाखान्याच्या उतरंडीत तळाशी उभी असते. अनुवादात शब्दांइतकाच अनुवादकाचा अधिकारही निर्णायक असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. तळच्या पायरीवरून केलेला अनुवाद वर ऐकला जाईलच, याची हमी कोण देणार?

सुरगाण्यातल्या प्रत्येक डॉक्टरने नवे रुग्णालय बांधावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र आशाताईला तपासणीच्या वेळी खुर्ची मिळावी, तिचे म्हणणे केसपेपरवर नोंदले जावे, बाळंतिणीजवळ तिच्या घरची एक बाई राहू शकावी, एवढे नियम कुठलाही दवाखाना करू शकतो. त्यांना फारसा पैसा लागत नाही; लागते ती वरिष्ठाची एक सही.