थ्रेड : शुक्रवार पेठ, ‘डॉल्बी’ आणि होम थिएटरचे खोके

सोलापूरची शुक्रवार पेठ ही आजोबा गणपतीची पेठ. या गणपतीची परंपरा १८८५ पासून सांगितली जाते. लेझीमसाठी नावाजलेल्या या शहरातही आज मिरवणुकीच्या संदर्भात ‘डॉल्बी’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ती वाहनावर रचलेली स्पीकरची भिंत. हाच शब्द घरी आणलेल्या होम थिएटरच्या खोक्यावरही छापलेला असतो. गंमत अशी की, ज्या माणसाचे हे नाव, त्याची पहिली कीर्ती आवाज कमी करण्याची आहे.

रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेत होता. ध्वनिफितीवरची बारीक खरखर कशी घालवावी, हा त्याच्यापुढचा प्रश्न. उपाय साधा वाटतो: मुद्रण करताना हळू स्वर मुद्दाम वाढवायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. स्वर मूळपदावर येतो, फितीची खरखर मात्र दबून जाते. १९६५ मध्येच त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा उघडली.

आवाजाने प्रेक्षकाला वेढावे, ही हौस याहून जुनी. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी (१९४०) तशी खास यंत्रणा उभारली होती, पण ती इतकी खर्चिक ठरली की मोजक्याच चित्रगृहांत बसली. आपल्याकडे ‘शोले’च्या (१९७५) ७० मिमी प्रतीला स्टिरिओफोनिक ध्वनी होता. जयने उडवलेले नाणे आपल्याच खुर्चीखाली पडले, असे वाटून लोक वाकून पाहत, असे सांगतात. ३५ मिमीची साधी प्रत पाहणाऱ्या गावांना हे नाणे पडद्यामागेच ऐकू आले.

‘अपोकॅलिप्स नाऊ’च्या (१९७९) ७० मिमी प्रतीत मागचा ध्वनी डावा-उजवा असा वेगळा झाला. आजच्या ‘५.१’चा हा पाया: समोर तीन, मागे दोन आणि खर्जासाठी स्वतंत्र वाट. तो दशांश म्हणजेच सबवूफर. १९८२ पासून डॉल्बीचा सराउंड घरोघरी जाऊ लागला.

आता वायरलेस संचाविषयी. ध्वनीची तार गेली, विजेची राहिली. मागच्या स्पीकरांनाही बहुधा प्लग लागतोच, म्हणून जुन्या घरात आधी सॉकेट मोजावेत, मग खरेदी करावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. प्रत्येक स्पीकरचे अंतर यंत्राला सांगितले की ते जवळच्याला किंचित थांबवून धरते आणि सर्व स्वर एकदम कानी येतात.

सबवूफरची जागा शोधण्याची युक्ती मला फार आवडते. तो आपल्या बैठकीच्या जागी ठेवून खर्जाचे संगीत लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरावे. जिथे खर्ज घुमल्याशिवाय स्वच्छ ऐकू येईल, तिथे तो कायमचा ठेवावा. कोपरा शक्यतो टाळावा.

४० हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे पेठेतल्या बहुतेक खोल्यांहून मोठी. पडदे, गाद्या तिला अडवत नाहीत. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांची मर्यादा. ती मिरवणुकीच्या संदर्भातच आठवते. पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत चित्रपटातला स्फोट प्रथम कळतो तो शेजारच्या मांडणीवरच्या भांड्यांना.