बीसीएल११ए : रक्तातील एक ‘झिंक फिंगर’ प्रथिन

या प्रथिनाचे जनुक मानवाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. साखळीचे काही भाग जस्ताच्या अणूभोवती बोटांसारखे दुमडलेले असून, त्यांच्या साहाय्याने हे प्रथिन डीएनएवरील ठरावीक जागा पकडते. नाव रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनातून पडले. ख्याती मात्र वेगळ्याच कामामुळे लाभली.

गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत तिची जागा बीटा साखळी घेते. गॅमा जनुके मिटलेली ठेवणारा पहारेकरी बीसीएल११ए हाच, हे २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दाखविले. सिकलसेलचा दोष बीटा साखळीत असल्याने पहारा उठविणे हाच उपाय ठरतो. परंतु मेंदूच्या वाढीसाठीही हे प्रथिन आवश्यक आहे. म्हणून जनुकाला धक्का न लावता, केवळ रक्तपेशींत ते चालविणारा डीएनएचा तुकडा क्रिस्परने निकामी केला जातो. अशा ‘कॅसजेव्ही’ उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रथम मान्यता दिली. अमेरिकेतील जाहीर किंमत २२ लाख डॉलर! गडचिरोलीच्या सिकलसेलग्रस्त आदिवासींना ती आवाक्याबाहेरची आहे. त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरियाची गोळी आहे. तीही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढविते, पण आजार मुळातून जात नाही.