भुसारी दरवाजातून आत

अमरावतीच्या जवाहर गेटापाशी रिक्षा सोडा. कमानीखाली डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल १८४२ असेल, हॉर्न गप्प झालेले असतील आणि या गेटाला सगळे भुसारी दरवाजा म्हणत असतील.

आत शिरणं मात्र सोपं नाही. फाल्गुनातली टळटळीत दुपार, आणि समोरून बैलांचा तांडा येतोय. गाड्या नव्हेत, पाठीवर कापसाच्या गोणी लादलेले बैल, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड. त्यांना गंगेकाठी मिर्झापूरला जायचंय, पाचशे मैलांवर. यंदा इथल्या एका व्यापाऱ्यानं लाखभर बैलांवर कापूस लादून कलकत्त्याला धाडला म्हणतात. तुम्हाला एकच बैल पुरे होतो. गोणी खांद्याला घासते, घुंगरं कानात शिरतात, बूट शेणात रुततो. (बूट घालून आलात हीच चूक.)

"सरक ना बावा, काऊन उभा राह्यला?"

भिंतीला चिकटा. पाठ भाजली? काळा दगड सकाळपासून ऊन पितोय. मान वर करा: वीस ते सव्वीस फूट. पेंढाऱ्यांच्या धाकानं निजामाच्या सरकारनं १८०७ मध्ये हा परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैल, पाच वेशी, चार खिडक्या. खिडकी म्हणजे वारा खायची नव्हे, येण्याजाण्याची छोटी वाट. एकीचं नाव खुनारी. १८१८ च्या मोहरमात तिच्यापाशी सातशे माणसं कापली गेली म्हणून. तिकडून आपण जाणार नाही.

सराफ्याकडे वळा. इथं एकदम गार, कारण अरुंद गल्लीत ऊन तळापर्यंत उतरतच नाही. ओट्यावर तक्क्याला रेललेले दोन शेटजी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतायत. सौदा चाललाय, भाव त्यांच्या बोटांना कळतो, तुम्हाला नाही. शेजारच्या वाड्याच्या दिंडीतून वाका, नाहीतर कपाळमोक्ष. आत चौक, सागवानी खांब, सरकीचा तेलकट वास, चुलीवर ज्वारीची भाकर आणि अंबाडीच्या भाजीचा आंबट दरवळ. कोरीवकाम सगळं आतल्या अंगाला; रस्त्याकडे नुसती जाड, मुकी भिंत. सव्वादोन मैलांचा परकोट असूनही शेटजींना पुरती झोप लागत नसावी.

तिन्हीसांजेला वेस मिटते, त्याआधी निघा. परतल्यावर रिक्षा बोलावण्याआधी कमानीच्या दगडाला हात लावून बघा. अजून गरम असतो.