‘रोमन’ अक्षरांचे खरे गोत्र

इंग्रजीच्या अक्षरांना आपण सरसकट ‘रोमन’ म्हणतो, पण त्यांतली निम्मीच अस्सल रोमन आहेत. कॅपिटल अक्षरे रोमच्या शिलालेखांतून आली, इ. स. ११३ च्या ट्रेजन स्तंभाच्या पायथ्याशी ती आजही वाचता येतात. स्मॉल अक्षरांचे कूळ वेगळे आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यातल्या मठांत ती घडली आणि सहाशे वर्षांनी फ्लोरेन्सच्या मानवतावाद्यांनी त्यांना ‘प्राचीन’ म्हणून पुन्हा मान दिला. या मंडळींनी जुना रोम जसाच्या तसा उभा केला, असा समज आहे. त्यांची अक्षरे पाहिली की उलटेच दिसते: जुन्यातले काय घ्यायचे, हे ते वाचकाच्या सोयीने ठरवत होते.

त्यांच्या काळी चालणारे गॉथिक वळण दाट आणि टोकदार होते. ‘मिनिमम’ हा लॅटिन शब्द त्यात लिहिला की एकामागे एक पंधरा सारख्या उभ्या रेघा, आणि त्यांतून अक्षरे वाचकाने वेगळी काढायची. पेट्रार्कने १३६६ मध्ये बोकाचिओला लिहिलेल्या पत्रात असल्या लेखनावर तोंडसुख घेतले आहे. १४०० च्या सुमारास फ्लोरेन्सचा चान्सलर कोलुचिओ सालुताती याच्या प्रोत्साहनाने तरुण पोज्जो ब्राच्चोलिनीने मठांतल्या जुन्या पोथ्यांचे सुटसुटीत, गोलाकार वळण घोटले. त्याचा मित्र निक्कोलो निक्कोली भराभर नकला करण्यासाठी तिरके वळण लिही. बाळबोध आणि मोडी यांच्यात जे नाते, साधारण तेच या दोन वळणांत. त्या तिरक्या वळणाच्या परंपरेतूनच फ्रांचेस्को ग्रिफोने खिळे कोरले आणि आल्दुस मानुतिउसने १५०१ मध्ये व्हेनिसला त्यांत व्हर्जिल छापला. तोच आजचा इटॅलिक टाईप.

मग ही सगळी फसगतच नव्हे का? मठवासीयांचे वळण रोमनांचे समजून उचलले, एवढेच. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. लॅटिन लेखकांचे ग्रंथ त्यांच्या हाती आले ते बहुतेक मठांतल्या नकलांतून. त्यामुळे ते वळण जुने वाटणे स्वाभाविकच होते. पण निव्वळ प्राचीनतेचाच सोस असता, तर शिलालेखांसारखी अख्खी पुस्तके कॅपिटलमध्ये लिहायला कोणी अडवले नव्हते. त्यांनी कॅपिटल ठेवली मुख्यतः मथळ्यांना आणि आरंभाच्या अक्षरांना. मजकुरासाठी घेतले ते डोळ्यांना न शिणवणारे वळण.

दुसरा आक्षेप असा, की या वळणाचे यश छापखान्याचे. पण गुटेनबर्गचे १४५५ च्या सुमाराचे बायबल गॉथिकमध्येच आहे. श्वाइनहाइम आणि पानार्ट्झ हे जर्मन मुद्रक इटलीत सुबियाकोला आले आणि १४६५ मध्ये त्यांनी खिळ्यांचे रूप इटालियन वाचकांच्या आवडीकडे झुकवले. १४७० मध्ये व्हेनिसला निकोला जेन्सनने त्याला देखणे रूप दिले. जर्मनीत मात्र गॉथिक घराण्याची अक्षरे १९४१ पर्यंत टिकली. यंत्र दोन्हीकडे तेच, वाचक वेगळे. याला अपवादही आहे: गोव्यात १५५६ मध्ये आलेल्या छापखान्याकडे देवनागरी खिळे नव्हते, म्हणून फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या मराठी ओव्या १६१६ मध्ये राचोलला छापल्या गेल्या त्या याच रोमन अक्षरांत.