ढगाची दारं

बारामती-इंदापूरकडे एखादा माणूस ‘दारं धरायला गेलाय’ असं घरातून उत्तर आलं, की पुढं काही विचारावं लागत नाही. तो शेतात आहे, बहुधा रात्रीची वेळ आहे, पाटाला पाणी सुटलंय आणि हातातल्या फावड्यानं तो एका सरीचं तोंड बुजवून दुसरीचं उघडतो आहे. पाणी सगळ्यांचं, दारं मात्र ज्याची त्यानं धरायची. व्यवसायाचे हिशेब, ग्राहकांच्या नोंदी, कामगारांचे पगार आज ज्या ‘क्लाउड’वर ठेवले जातात, त्याची कुळकथा मला या पाटावरूनच सांगावीशी वाटते.

कालवा येण्याआधी इथं पाणी म्हणजे विहीर आणि मोट. ज्याची ऐपत त्याची विहीर. ज्याची नाही त्याची जिराईत. 1885च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि पाण्याचा उगम शेतकऱ्याच्या बांधाबाहेर, कित्येक मैल दूर गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. क्षेत्राचे ठरावीक ब्लॉक पाडायचे आणि त्यांना मुदतीच्या करारानं पाणी द्यायचं, अशी ती रीत. शेतकऱ्याकडे उगमाची मालकी नव्हती. त्याच्याकडे तीन गोष्टी होत्या: पाण्याचा हक्क, पाण्याची पाळी आणि पाणीपट्टी. क्लाउडचा व्यवहारही याच तीन खुंट्यांवर टांगलेला आहे.

संगणकाच्या बाबतीत हा विचार 1961 साली उघडपणे मांडला गेला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी म्हणाले, की टेलिफोनसारखीच संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल. तेव्हा संगणक खोलीएवढा, किंमत लाखो डॉलर आणि एका वेळी काम एकाचंच. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथंच फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूनं सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. यंत्राच्या वेळेचे बारीक तुकडे पाडून ती प्रत्येकाला आळीपाळीनं देत होती. तुकडे इतके लहान, की यंत्र आपल्या एकट्याचंच आहे असं प्रत्येकाला वाटावं. कालव्यावरची पाळी दिवसांची असते; ही पाळी सेकंदाच्या अंशाची होती.

यंत्र सामाईक झालं तसा प्रश्न आला: माझ्या फायली दुसऱ्यानं पाहू नयेत, यासाठी काय करायचं? उत्तर म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला. आज आपण रोज टाईप करतो तो पासवर्ड संगणकात आला तो इथून, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. लगेच पुढच्या वर्षी, 1962 मध्ये, ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडू लागले. त्यानं सगळ्यांच्या पासवर्डांची फाईलच छापून मागवली आणि इतरांच्या नावावर यंत्र वापरलं. म्हणजे संगणकाची वाटणी, वाटणीवरचं कुलूप आणि कुलपाची चोरी या तिन्ही गोष्टी दीड-दोन वर्षांच्या आत जन्मल्या. सुरक्षा ही क्लाउडला मागाहून चिकटवलेली बाब आहे, असं समजणाऱ्यांनी ही जन्मतारीख लक्षात ठेवावी.

पुढचा मोठा टप्पा बांध घालण्याचा. 1960च्या दशकात आयबीएमनं एकाच यंत्राच्या पोटात अनेक ‘आभासी यंत्रं’ उभी करण्याचं तंत्र घडवलं. प्रत्येक आभासी यंत्राची सीमा वेगळी. शेजाऱ्याचं पाणी आपल्या वाफ्यात झिरपू नये म्हणून मधे वरंबा असतो, तसंच. दोन परक्या कंपन्यांचे हिशेब आज एकाच पोलादी पेटीतल्या संगणकावर निर्धास्त राहू शकतात, ते या वरंब्यामुळं.

आपल्याकडेही सामाईक संगणकाची सवय जुनी आहे. 1964 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी 3600 हा मोठा संगणक आला, तेव्हा बाहेरच्या संस्थांमधले संशोधकही छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथं येत. मग छोटे संगणक स्वस्त झाले आणि चक्र उलटं फिरलं. प्रत्येक दुकानात, प्रत्येक पतसंस्थेत स्वतःची विहीर खणली गेली: टेबलाखाली एक पेटी, शेजारी यूपीएस, खणात एक पेनड्राइव्ह.

‘क्लाउड’ हे नाव चित्रातून आलं. दूरसंचाराचे अभियंते आराखडा काढताना ज्या जाळ्याचा तपशील दाखवायचा नसे, त्याच्या जागी ढगासारखी नागमोडी रेघ काढत. या ढगात काय चाललंय याची तुम्हाला चिंता नको, एवढाच तिचा अर्थ. 1996 मध्ये कॉम्पॅक कंपनीच्या एका अंतर्गत दस्तऐवजात ‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ हा जोडशब्द आढळतो. मार्च 2006 मध्ये ॲमेझॉननं साठवणुकीची आणि ऑगस्टमध्ये संगणक तासाच्या भाड्यानं देण्याची सेवा सुरू केली. पहिला दर होता तासाला 10 सेंट. त्याच ऑगस्टात गुगलचे एरिक श्मिट यांनी हा शब्द एका परिषदेत वापरला आणि तो जगभर रुळला. भारत सरकारनं 2014 मध्ये आपल्या क्लाउडला नाव दिलं ‘मेघराज’.

नाव आभाळातलं असलं तरी हा ढग जमिनीवरच असतो. सिमेंटच्या इमारती, थंड हवेचे झोत, विजेच्या दोन-दोन वाटा, जनित्रं आणि पहारा. 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टनं भारतात ॲझ्युअर या आपल्या क्लाउड सेवेची केंद्रं उघडली, त्यातलं मध्य भारताचं केंद्र पुण्यात आहे. 2016 मध्ये ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत आलं. बारामतीपासून शंभरेक किलोमीटरवर ढग येऊन बसला.

आणि मग तो उसात उतरला. 1971 मध्ये स्थापन झालेल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला, तो ॲझ्युअरच्या आधारावर. मातीतले संवेदक ओलावा सांगतात, हवामान केंद्र पाऊस-वारा सांगतं, उपग्रह पिकाची प्रकृती वरून पाहतो. हे सारं क्लाउडवर एकत्र होतं आणि पाणी कधी, किती द्यायचं याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. ज्याचे आजोबा पाळीची वाट पाहत रात्र जागले, त्याला दारं कधी धरायची हे आता ढग सांगतो.

या परिसरातल्या व्यावसायिकाला यात खरा लाभ कोणता? साखर कारखान्याचं उदाहरण घ्या. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत आटोपतो. त्या दिवसांत ऊसनोंद, तोडणीचा क्रम, वजनकाटा, वाहतुकीची आणि शेतकऱ्यांची बिलं यांचा लोंढा असतो. उरलेले महिने काम थोडं. स्वतःचे संगणक घ्यायचे तर हंगामाच्या गर्दीला पुरतील एवढे घ्यावे लागतात आणि ते निम्मं वर्ष रिकामे बसतात. भाड्याची क्षमता हंगामात वाढवता येते, नंतर कमी करता येते. एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याला, दूध संकलन केंद्राला, डाळिंबाच्या निर्यातदारालाही हेच लागू. यंत्र जळालं, दुकानात पाणी शिरलं, तरी वही शाबूत राहते, हा तर त्याहून मोठा दिलासा.

पण वही शाबूत राहणं आणि सुरक्षित राहणं यांत अंतर आहे. आपल्याच आवारातली यंत्रणा आपोआप सुरक्षित असते हा समज पुण्यातच मोडला. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये लांबवले. उलट, मोठ्या क्लाउडवर गेलो म्हणजे निश्चिंत झालो, हा समज 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात मोडला. तिथं क्लाउडची इमारत कुणी फोडली नव्हती. बँकेच्या बाजूनं एक संरक्षक भिंत चुकीची मांडली गेली होती आणि तेवढ्या फटीतून सुमारे 10 कोटी अमेरिकी लोकांची माहिती बाहेर गेली.

या धंद्यातला पायाभूत नियम म्हणजे जबाबदारीची वाटणी. इमारत, वीज, यंत्रं आणि वरंबे सांभाळायचे ते पुरवठादारानं. कोणाला आत घ्यायचं, कोणी काय पाहायचं, कोणाची परवानगी काढून घ्यायची, हे आपण. प्रत्येक कर्मचाऱ्याचं स्वतंत्र खातं हवं. पासवर्डासोबत मोबाईलवरच्या आकड्याची दुसरी कडी हवी. नोकरी सोडून गेलेल्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद व्हायला हवं. कायदाही हीच रेघ ओढतो. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती दुसऱ्याकडे हाताळायला दिली म्हणून मूळ व्यवसायाची जबाबदारी सुटत नाही. हल्ला झाल्याचं कळल्यापासून 6 तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवण्याचं बंधन 2022 पासून आहे.

मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीची एक डेटा सेंटरची इमारत आगीत जळून गेली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र होती, ते पुन्हा उभे राहिले. ज्यांनी सगळं त्याच इमारतीच्या भरवशावर ठेवलं होतं, त्यांच्यातल्या काहींची माहिती कायमची गेली.

ही गोष्ट इंदापूरच्या शेतकऱ्याला नव्यानं समजावून द्यावी लागत नाही. तो कालव्याच्या शेपटाकडे राहतो. वरच्यांचं भिजून झालं की आपली पाळी, आणि कधी ती येतही नाही, हे त्यानं पिढ्यान्पिढ्या सोसलं आहे. म्हणून कालवा आला तरी त्यानं विहीर बुजवली नाही. कालव्याच्या पाझरानं तिला पाणी वाढलं, आणि पाट कोरडा पडला की तीच कामाला आली. आपल्या हिशेबाची एक प्रत आपल्या हाताशी, पुरवठादाराच्या आवाराबाहेर ठेवणारा आणि ती खरोखर उघडते का, हे महिन्याला एकदा पाहणारा व्यापारी वेगळं काही करत नाही. तो विहिरीचा गाळ काढत असतो.